काचेतला डोंगर

किंगोपाता,
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय एफ्राईन,

फोन सोडून हे पत्र कुठून उपटलं, असं म्हणशील. अरे बाबा, फोनवर माझं एक वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं "आई, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो" सुरू होतं, आणि तुझी संध्याकाळ काही होतच नाही. पत्राला मीटिंग नसते. तेव्हा हे खिशात घाल, रात्री जेवण झालं की काढ आणि आईचं ऐक. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते: तू शाळेला दिलेली खिडकी मातीच्या विटांनी बुजवून टाकायची, असं गावाने ठरवलं होतं. झाली का छातीत धडधड? थांब, एकदम शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांत तू तेच करायचास आणि मग सगळ्यांना शेवट सांगत सुटायचास.

त्या खोलीत मी सारी हयात घालवली हे तुला वेगळं सांगायला नको. तुलाही मी तिथेच अक्षरं गिरवायला लावली, भरदिवसा मेणबत्ती लावून. "एवढा मोठा डोंगरबाबा, ताइता इंबाबुरा, बाहेर बसलाय आणि आमच्या पोरांपुढे काय, तर काळी भिंत," ही माझी कुरकुर ऐकतच तू वाढलास. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये तुझे गवंडी ट्रक घेऊन आले आणि त्यांनी तुझ्या सहीचा नकाशा उलगडला, तेव्हा मला रडूच फुटलं. पोरगं विसरलं नाही हो, असं साऱ्या गल्लीला सांगत फिरले. ट्रकच्या मागून तूही येतोयस असं मी धरून चालले होते. पाळलेल्या गिनीपिगांतली एक जाडजूड कुई भाजून ठेवली होती, बटाटे, शेंगदाण्याची चटणी, सगळं. गवंडी म्हणाले, "साहेब यायचे नाहीत, त्यांनी फोनवर सगळं समजावलंय." मग कुई त्यांनीच खाल्ली, आणि वाखाणली सुद्धा. असो. भिंत गेली, जमिनीपासून आढ्यापर्यंत काच आली, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं आत शिरली ती दारातच थबकली. धाकट्या वर्गातल्या सिसाने डोंगराला हात जोडून "ताइता, सुप्रभात" म्हटलं, आणि मग सगळ्यांनी तोच पाढा धरला. तुला मी जे फोटो पाठवत होते ना, ते त्याच दिवसांतले. सगळे आतून काढलेले.

मग नोव्हेंबर आला. मेलेल्यांच्या दिवशी सगळा गाव जेवण बांधून कबरस्तानात गेला. तुझ्या बाबांच्या कबरीवर मी पावाच्या बाहुल्या, उकडलेला मका आणि जांभळी पेज मांडली. तिकडे कुंपणाला ताक्सोचे वेल कसे माजलेत तुला आठवत असेल, लांब गुलाबी फुलांनी नुसते लगडलेले. त्या फुलांवर किंदे तुटून पडली होती. पुस्तकात त्यांना हमिंगबर्ड म्हणतात, पण आपली किंदे ती किंदेच. बाबांच्या क्रॉसवर एक लांब शेपटीवालं येऊन बसलं, इवलंसं, आणि माझ्याकडे असं टकामका बघायला लागलं की मी पेज वाढायची विसरले. माझ्या मांडीवर रेलून सिसा भाजलेला मका चघळत होती. ती म्हणाली, "बाई, किंदे मेलेल्यांकडे येतात, मग आमच्याकडे का येत नाहीत?" शाळेचं अंगण म्हणजे सिमेंटचा तवा. एक फूल नाही, एक झुडूप नाही. व्हॉलीबॉलसाठी गावाने हौसेने सिमेंट ओतून घेतलं आणि पाखरं गेली ती गेलीच. मी तिथेच कबरीजवळ ठरवलं, जुलैत मी निवृत्त व्हायच्या आत या अंगणात किंदे आली पाहिजेत.

गाव करील ते राव काय करील, तेव्हा मिंगा बोलावली. घरटी एक माणूस, आपलं हत्यार आपण आणायचं, दुपारचं जेवण एका लांब कापडावर सगळ्यांनी मिळून. आपला अध्यक्ष ओल्मेदोकाका पहारीवर हनुवटी टेकून म्हणाला, "बाई, पाखरांसाठी व्हॉलीबॉल सोडायचा? उद्या म्हणाल मुंग्यांसाठी चर्च सोडा." मी म्हटलं, "ओल्मेदो, तुला मी तिसरीत दोनदा बसवलंय, तिसऱ्यांदा बसवायला लावू नकोस." सगळे हसले, तोही हसला. मैदान राहिलं, कडेकडेने सिमेंट फुटलं. आणि रोपं म्हणशील तर हौसेला मोल नसतं बघ. कुणी ताक्सो आणला, कुणी लाल घंटांची झुडपं, कुणी साल्व्हिया, कुणी सासूशी भांडून परसातली कलमं. आता आपल्या गावाची रीत तुला माहीत आहे. पाहुण्यासाठी आणलेलं चांगलंचुंगलं कोपऱ्यात ठेवायचं नसतं, मानाच्या जागी मांडायचं. चांगली चादर पुढच्या खोलीत, चांगलं कणीस ताटाच्या मधोमध. शाळेतली मानाची जागा कुठली? तुझी खिडकी. मग काय, सगळ्या गावाने सगळी फुलझाडं खिडकीच्या अगदी पायाशी लावली, दाटीवाटीने. मीच उभं राहून सांगत होते, अजून जवळ लावा, पोरांना बाकावरून दिसू दे.

पाऊस चांगला झाला. मार्च उजाडला तशी झाडं फुलली, आणि एका सकाळी गणिताच्या तासाला पहिलं किंदे आलं. हिरवंगार, कानाशी जांभळी झाक. खडू माझ्या हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी आणखी आली, मग शेपटीवालं आलं. आठवडाभर शाळेत जत्रा होती रे. आयाबाया कपडे धुवायचे सोडून कुंपणापाशी उभ्या. आणि मग एका दुपारी काचेवर टक्क असा आवाज आला. छोटासाच. गोटी पडावी तसा. सिसा बाहेर धावली आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ते घेऊन आली. डोळे मिटलेले, अंग अजून ऊन. "बाई, झोपलंय ना?" म्हणाली. त्याला आम्ही काडेपेटीत घालून झाडाखाली पुरलं. मला वाटलं, एखादं चुकार असेल. पण पुढल्या आठवड्यात पुन्हा टक्क, आणि मग होतच राहिलं. बोलावून आणलेल्या पाहुण्याला दारातच मारावं, तसं झालं आमचं. पोरांचा अभ्यास बंद पडला, सगळ्यांचे कान काचेकडे.

मी काय काय केलं विचारू नकोस. आतून पडदे लावले. कागदाचे ससाणे कापून चिकटवले. एका पोराला घंटा देऊन बसवलं, तर त्या घंटेने माझंच डोकं उठलं. काही म्हणता काही उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस सगळ्यांना घरी पाठवलं आणि मी एकटी अंगणात, झाडांपाशी जाऊन उभी राहिले, किंदे जिथून येतात त्या बाजूला, आणि काचेकडे पाहिलं. एफ्राईन, काच दिसतच नव्हती. पडदे दिसत नव्हते, बाकं दिसत नव्हती. काचेत ताइता इंबाबुरा उभा होता, अख्खा, ढगांसकट, आणि त्याच्या पायाशी आमचीच फुलं. दुप्पट फुलं. पाखरं बिचारी डोंगराकडे जात होती. मीसुद्धा पंख असते तर तिकडेच गेले असते. इतके महिने त्या खिडकीचं कौतुक करत होते मी, पण बाहेर उभं राहून ती बघितली नव्हती.

तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती. पास्तोरा आजीचं म्हणणं तुला ठाऊकच आहे, किंदे म्हणजे पलीकडच्या माणसांचा निरोप्या. ती शाळेच्या पायरीवर बसून म्हणाली, "निरोप्याच दारात मेला, तर निरोप कुणी सांगायचा? आणि निरोप होता कुणाला?" मला सांग, कबरीवरचं ते शेपटीवालं मी पाहिलेलं, आणि तसलंच एक मी स्वतःच्या हाताने पुरलेलं. मी शहाणीसुरती मास्तरीण, पण त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. दोन घरांनी पोरं शाळेत पाठवायची बंद केली. मग सभा झाली. ओल्मेदोकाका उभा राहिला आणि या वेळी थट्टा नव्हती. म्हणाला, "बाई, तुमच्या मुलाचा मान आहे. पण अंगणात रोज मरण आणि आत पोरं पाढे म्हणतायत, हे बरं नव्हे. रोपं उपटा, नाहीतर खिडकी बुजवा." रोपं उपटायची म्हटल्यावर पोरांनी असा गळा काढला की सभाच थांबली. मग राहिली खिडकी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी म्हटलं, पुन्हा काळोख करणार का रे माझ्या पोरांपुढे? ओल्मेदोकाकाने मतं मागितली. हात वर झाले, आणि खरं सांगते, त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणवेना. दुसऱ्याच दिवशी ओढ्याकाठी विटा पाडायला सुरुवात झाली. वाळायला वेळ लागतो तेवढीच सवड. मी रोज शाळा सुटली की मुद्दाम ओढ्यावरून घरी जायचे, विटा अजून ओल्या आहेत ना बघायला. आणि तुला रोज फोनवर सांगायचे, सगळं छान आहे.

आता पुढचं ऐक, हसशील. पास्तोरा आजी घायपाताच्या दोऱ्या वळते, अजूनही मांडीवर, अजूनही गावात तिच्याइतकी ताठ दोरी कुणाची नाही. ओल्या दोऱ्या उन्हात टांगायच्या, खाली दगड बांधायचा, म्हणजे पीळ बसतो. तिच्या घराला ऊन कमी. तर एका सोमवारी मी शाळेत येते तो काय, बाईसाहेबांनी शाळेच्या वळचणीला खिळे ठोकून अर्ध्या खिडकीवर दोऱ्या लोंबकळत सोडलेल्या! मी चिडले. म्हटलं, आजी, ही शाळा आहे की तुमचं परस? तर मलाच म्हणते, "काच तुझ्या पोराची असेल गं, ऊन काही त्याने नाही पाठवलं. शिवाय ती बुजणारच आहे, तोवर माझ्या दोऱ्या वाळू देत." राहू दिल्या. पण तो आठवडा टक्क आवाज आला तो दर वेळी उघड्या अर्ध्याकडून. मला आधी वाटलं, माझ्याच मनाचे खेळ. मग मी पुन्हा अंगणात जाऊन उभी राहिले. एक किंदे सरळ काचेकडे निघालं, दोऱ्या दिसल्या तसं हवेतच थबकलं, जरा मागे सरलं, आणि वळून ताक्सोवर गेलं. पाठोपाठ दुसऱ्याने तेच केलं. मी तिथेच मातीत बसकण मारली. पोरं धावत आली, त्यांना वाटलं बाईला घेरी आली. मी म्हटलं, अरे गप्प बसा आणि बघा.

पण अख्ख्या गावाने ठरवलेलं फिरवायचं म्हणजे खायचं काम नाही. मिंगाच्या सकाळी बाप्ये विटा पाठीवर घेऊन अंगणात हजर झाले, चिखल कालवून तयार. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, आधी माझं ऐका, मग मला आत ठेवून भिंत बांधा हवी तर. त्यांना दोऱ्यांपाशी उभं केलं आणि थांबायला लावलं. नशीब बघ, त्या दिवशी किंदे येईचना! ओल्मेदोकाका चुळबुळ करायला लागला, चिखल सुकतोय म्हणाला. सिसाने माझा हात धरला होता, तिचा तळवा घामाने ओला. आणि मग आलं, ते लांब शेपटीवालं. काचेवर झेप घेतली, दोऱ्यांपाशी थबकलं, सगळ्यांच्या नाकासमोर हवेत लटकत राहिलं, आणि वळलं. पास्तोरा आजीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "निरोप्या आला आणि उभा राहिला. बघत काय बसलात, वाख आणा घरोघरचा." बायका निघाल्या. बाप्यांनी विटा खाली ठेवल्या. ओल्मेदोकाका तेवढा कुरकुरत राहिला, "आणि मी विटा पाडल्या त्यांचं काय करू, खाऊ?" त्यांची पोरांना बसायला लांब बैठक केलीय, झाडांच्या पलीकडे. निम्मी झाडंही काचेपासून लांब नेली.

दिवसभर बायका अंगणात बसून दोऱ्या वळत होत्या आणि साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या. मलाही वळायला बसवलं. माझ्या दोरीला बघून पास्तोरा आजी म्हणाली, "बाई, हिच्याने बकरीही बांधू नका, पळून जाईल." चार बोटांचं अंतर ठेवून सगळी खिडकी दोऱ्यांनी भरली. तुला वाटत असेल, गेला माझा देखावा. नाही गेला रे. आतून ताइता पूर्ण दिसतो, फक्त उभ्या रेघांचा. पोरं म्हणतात, ताइताने नवा पोंचो घातलाय. वाऱ्यावर दोऱ्या हलल्या की बाकांवर त्यांच्या सावल्या हलतात, आणि मी त्यांना मापं शिकवते त्या सावल्यांवरून. त्यानंतर आजवर एकही किंदे मेलं नाही. घरी बसलेली पोरं परत आलीत. आणि ऐक, कडेच्या एका दोरीवर शेपटीवालीने घरटं बांधलंय, अक्रोडाएवढं, दोरीचेच तंतू ओढून ओढून. आत दोन अंडी आहेत. आता त्या कोपऱ्यात व्हॉलीबॉल गेला की ओल्मेदोकाका खेळणाऱ्यांच्या अंगावर धावून जातो. काल स्वतःच्या जावयाला म्हणाला, "डोळे फुटले का तुझे, बाळंतीण आहे तिथे!"

एवढं सगळं आजच का लिहायला घेतलं, ते आता सांगते. परवा तू फोनवर आनंदाने म्हणालास ना, की आणखी तीन गावांच्या शाळांचं काम तुला मिळालं, तिन्हींना हीच खिडकी बसणार आणि नकाशावर तू तिला 'आईची खिडकी' असं नाव दिलंयस. मी "वा, छान" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. माझ्या नावाच्या काचेवर तीन गावांतली पाखरं आपटणार, आणि तिथे पास्तोरा आजी असेलच असं नाही. काचेबाहेर दोऱ्या हव्यात आणि फुलं लांब हवीत, हे मी फोनवर अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. तू नकाशात काढलंही असतंस, पोरगा हुशार आहे माझा. पण मला तेवढंच म्हणायचं नाहीये, एफ्राईन. तू बाबांच्या मातीला आलास आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने गेलास. तेव्हापासून तू पैसे पाठवलेस, गवंडी पाठवले, काच पाठवली, आणि मी सगळ्यांचं कौतुक केलं, कारण तुला इथे पाय ठेवणं जड जातं हे मला कळतं. मलाही त्यांच्या रिकाम्या खाटेशेजारी झोपणं जड जातं. पण कागदावर पाखरं उडत नाहीत, बाळा. तू एकदा या अंगणात उभा राहिला असतास, तर पहिल्याच सकाळी तुला काचेतला डोंगर दिसला असता. मी रागावलेली नाही. मला तू हवायस, एवढंच. तिथे काम सुरू करायच्या आधी त्या तिन्ही अंगणांत जाऊन उभा राहा, आणि त्याच्याही आधी इथे ये. जुलैनंतर मी मोकळीच आहे, तुझ्याबरोबर येईन, तिथल्या बायकांना दोऱ्या टांगायला शिकवीन. वळायला मात्र पास्तोरा आजीलाच न्यावं लागेल. अंडी अजून उबायची आहेत, म्हणजे पिल्लं उडून जायच्या आत तुला वेळ आहे. शनिवारच्या सकाळच्या बसची वाट बघते. आणि तू नाही आलास, तर त्याच्या पुढच्या शनिवारच्या बसची बघेन.

तुझीच,
आई